गोळ्यांचे वाटे

नारळी पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार, सकाळ. जागा : गावदेवीच्या देवळामागचं समाजमंदिर. निमित्त : आळीतल्या साठीपुढच्या मंडळींची रक्ततपासणी, साखर आणि कोलेस्टेरॉल. हजर : पांडू तांडेल, सुमनवहिनी, माझ्या सासूबाई आणि आळीतले बाकीचे झाडून सगळे म्हातारे; अलिबागच्या लॅबमधून रक्त घ्यायला आलेल्या दोन मुली; एक तरुण डॉक्टर; व्यवस्था पाहायला मी. उशिरा हजर : चंद्राकाकी, हातात घावण्यांचा डबा.

उपाशीपोटी यायचं, हे मी आदल्या दिवशी दारोदार फिरून सांगितलं होतं. समाजमंदिराच्या फळ्यावर खडूने लिहिलं होतं. चंद्राकाकीला तर तिच्या ओट्यावर बसून वेगळं समजावलं होतं आणि ती मान डोलावत होती. काकी मान डोलवायची ती ऐकलं म्हणून नव्हे, समोरच्याचं बोलणं लवकर संपावं म्हणून. इतक्या वर्षांत एवढं मला कळायला हवं होतं.

मी खुर्च्या मांडून टेबलाशी येईपर्यंत रांगेतल्या पुढच्या चौघांच्या पोटात घावणे गेले होते.

"काकी! रक्त द्यायचंय ना त्यांना!"

"म्हनूनच दिलं. उपाशी मानसाचं रगत काढतात काय कोन? चक्कर येऊन पडला म्हंजे?"

"अगं, तपासणी उपाशीपोटीच असते."

"असूं दे. एकेकच दिलाय." आणि रक्त घेणाऱ्या मुलीकडे वळून, "तू खा गो पोरी. तुला काय कोन टोचनार न्हाय."

मुलीने खाल्ला. चौघांना पुढच्या आठवड्यात अलिबागला पाठवायचं ठरवून मी यादीत फेरफार केले. दिवस उजाडून जेमतेम तास झाला होता आणि माझं डोकं तापलं होतं. पण त्या सकाळचं खरं प्रकरण घावण्यांचं नव्हतं. ते सांगण्याआधी काकी कोण, हे सांगायला हवं.

चंद्राकाकी नात्याने आमची कोणी नव्हे. नागावच्या पुढे किनाऱ्याला लागून आमचं गाव. नारळी-पोफळीच्या वाड्या संपून कोळीवाडा सुरू होतो, त्या वळणावर आमची आळी. काकीचं घर माझ्या घरासमोर. माझ्याकडे पर्यटकांना द्यायच्या खोल्या आहेत, त्यामुळे चादरी, नाश्ते, गॅसची टाकी, पाण्याचा पंप अशी कसली तरी यादी सतत माझ्या हातात असते. काकी मला "यादीवाले" अशीच हाक मारायची. तिला लिहिता येत नव्हतं असं नाही. सही झोकात करायची. पण लिहून ठेवावं लागतं ते माणसाच्या मनात नसतं, असं तिचं ठाम मत होतं.

तिने उभा जन्म डोक्यावर पाटी घेऊन मासे विकले. माल पांडू तांडेलाच्या होडीचा. मासे विकायचे ते वाट्यावर : कोळंबी, मांदेली, बोंबील यांचे सारखे ढीग मांडायचे, एक ढीग म्हणजे एक वाटा. गिऱ्हाइकाने वाट्यावर एखादी मांदेली जास्तीची मागितली, तर काकी अशी काही बघायची की मागणाऱ्याला आपण दरोडा घालतोय असं वाटावं. माझ्याकडे उतरलेल्या एका पुण्याच्या बाईंना ती म्हणाली होती, "ताई, मासा ताजा हाय की न्हाय ते डोळ्यात बघायचं असतंय. माज्या न्हाय, माशाच्या."

अशी ही चिकट विक्रेती दुपारी घरी परतायची तेव्हा पाटीच्या तळाशी एक वाटा राखलेला असायचा. तो मात्र फुकट. आज सुमनवहिनीकडे, उद्या आमच्याकडे, परवा तांडेलाकडे. तांडेलाच्याच होडीतला मासा शिजून, डब्यात बसून तांडेलाच्याच घरी जायचा आणि तो बिनतक्रार खायचा. "एकट्यानं खाल्लेलं अंगी लागत न्हाय," हे काकीचं वाक्य. ते तिने माझ्यासमोर इतक्यांदा म्हटलं आहे की, मला झोपेतही ऐकू येईल.

तिचा दुसरा नियम डब्याचा. तिच्या स्टीलच्या डब्यांवर नाव कोरलेलं होतं. डबा आला की तो रिकामा परत करायचा नाही. चार चिकू घाला, शेवग्याच्या दोन शेंगा घाला, काहीच नसेल तर चिमूटभर साखर घाला. एकदा पाहुण्यांच्या गडबडीत मी नुसता घासूनपुसून पाठवला. संध्याकाळी काकीने तो पुन्हा माझ्या ओट्यावर आणून ठेवला.

"हा का आणलास?"

"तुजा रिकामेपना ऱ्हायला माज्याकडं. घे परत."

मी मुकाट्याने दोन पेरू घातले.

मग एका उन्हाळ्यात पाटी उतरवता उतरवता तिच्या छातीत कळ आली. अलिबाग, तिथून मुंबई, हृदयाच्या एका रक्तवाहिनीत बारीक जाळीची नळी, आणि घरी परत. तिचा मुलगा दिनू न्हावा शेव्याच्या बाजूला कंटेनरच्या यार्डात नोकरीला, राहतो उरणला. त्याने पहिलं काम केलं ते पाटी माळ्यावर टाकण्याचं. दुसरं, गोळ्यांचं. त्याला कामाच्या पाळ्यांमुळे सारखं येता येत नसे, म्हणून येताना तो महिनोन् महिन्यांच्या पट्ट्या एकदम आणून ठेवायचा. तपासणीला अलिबागला नेण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण बाजाराला मी जातच असते आणि कारण, "वैनी, तुमच्या यादीत टाका ना आयेला," असं दिनू म्हणाला.

अलिबागचे डॉक्टर शांत स्वभावाचे. त्यांनी काकीला नीट सांगितलं, "रक्तातली चरबी नळ्यांना आतून धरते. दुखत नाही, कळत नाही. वय झालं की जास्तच जपायला लागतं, आणि तुम्हाला तर एक झटका येऊन गेलाय. गोळी रोज घ्यायची. बरं वाटलं तरी थांबवायची नाही."

बाहेर आल्यावर काकी म्हणाली, "दुखत न्हाय त्याला जन्माची गोळी. आनि गुडघा दुखतोय त्याला बोलतो, चाला. शिकलेलाच हाय ना?"

पहिल्या तपासणीत आकडा खाली आला नाही. दुसऱ्या तपासणीतही नाही. डॉक्टरांनी कागद उलटसुलट पाहिला.

"गोळी रोज घेता ना?"

"घेते की."

"आणि खाण्यात काय असतं?"

यावर काकीने माझ्याकडे पाहिलं आणि मी हे सगळं खाण्याचंच असणार, अशी खूणगाठ बांधली. घरी येऊन एका जाड पुठ्ठ्यावर तक्ता केला. डाव्या बाजूला 'चालेल', उजव्या बाजूला 'नको'. उजव्या बाजूला तळलेले बोंबील, पापड, वनस्पती तूप, बेकरीची खारी आणि वाटीभर नारळ. तक्ता तिच्या चुलीशेजारी खिळ्याला टांगला.

"नारळ नको?" काकी तक्त्यापुढे उभी राहून म्हणाली. "मंग मासा कशात शिजवू? तुज्या यादीत?"

"थोडा घाल. रोज वाटणभर नको."

"दारात माड हायत गो माजे. त्यांना काय सांगू, तुमी आता परके?"

आठ-दहा दिवसांनी गेले तर खिळा मोकळा. तक्ता अंगणात उन्हात, त्यावर जवळा वाळत घातलेला. "पुठ्ठा तुजा चांगला हाय," काकी म्हणाली. "खालून ओल येत न्हाय."

मी चिडले, तरी तिच्या स्वयंपाकघरातून नारळ कमी झाला होता, हे मी स्वतः डोकावून पाहत होते. खारी बंद झाली होती. आकडा मात्र हलायला तयार नाही. डॉक्टरांनी गोळीची ताकद वाढवली. दिनूने नव्या पट्ट्या आणल्या. आम्ही लॅब बदलली. मला रात्री विचार पडायचा की, एवढं करून ह्या बाईच्या रक्तात चरबी येते कुठून? एक झटका येऊन गेलेला. दुसरा आला तर ती वाचेल का, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं नव्हतं, पण न सांगण्यातून मला समजलं होतं.

आता पुन्हा समाजमंदिरात या.

टेबलावर प्रत्येकाला ठरावीक प्रश्न होते : नाव, वय, चालू असलेली औषधं. प्रश्न मीच लिहून काढले होते. पहिला नंबर पांडू तांडेलाचा. माणूस सत्तरी ओलांडलेला, पण अजून बोलतो ते वाऱ्यावरून पलीकडच्या होडीला हाक घातल्यासारखं.

"औषधं काय चालू आहेत, बाबा?" डॉक्टरांनी विचारलं.

"एक परेशरची. आनि एक काकीची."

"कोणाची?"

"चंद्राकाकीची. काळजाची. चांगली हाय."

मी लिहिता लिहिता थांबले. मागून सुमनवहिनी म्हणाल्या, "मी पण तीच घेते. पण मला काही सोसत नाही हो, पोटऱ्या दुखतात महिनाभर." डॉक्टरांनी मान वर केली. त्यांनी रांगेकडे पाहून विचारलं, काकीची गोळी आणखी कोण घेतं? आणि कोणी लाजत, कोणी न लाजता हात वर करू लागलं. त्यात एक हात बांगड्यांवरून मी ओळखला. तो माझ्या सासूबाईंचा होता.

"आई, तुम्ही?"

"डब्याच्या झाकणाखाली येते गं स्मिता, प्रसादासारखी. परत कशी पाठवायची?"

"मला सांगायचं नाही?"

"तू यादी केली असतीस."

काकी बाकाच्या टोकाला बसली होती. चेहऱ्यावर चोरी पकडल्याची कसलीही खूण नाही. उलट आपला माल आवडल्यावर विक्रेता बसतो तशी ऐसपैस. हळूहळू सगळं बाहेर आलं. दिनूने आणलेल्या पट्ट्या ती मासे साफ करायच्या कात्रीने कापायची. सारखे तुकडे मांडायची. वाटे करायची. मग आज हा डबा इकडे, उद्या तो डबा तिकडे. चटणीवर केळीच्या पानाचा तुकडा आणि पानावर गोळी. डॉक्टरांनी ताकद वाढवली तेव्हा ती वाढीव ताकदही आळीभर पोचली होती.

"काकी," मी म्हटलं, आणि माझा आवाज सबंध समाजमंदिरात ऐकू गेला, "ती गोळी तुझ्यासाठी होती!"

"डाक्टर काय बोलला? काळजाला चांगली. बोलला ना? मंग काळीज काय मना एकटीलाच हाय?"

तरुण डॉक्टरांनी खुर्ची तिच्याकडे सरकवली. त्यांनी शांतपणे सांगितलं की, ही गोळी ज्याला तपासून दिली त्यानेच घ्यायची. कोणाच्या यकृताला ती चालत नाही, कोणाच्या दुसऱ्या औषधाशी जमत नाही. सुमनबाईंच्या पोटऱ्या दुखतात त्या यानेही असतील, त्यांनी आजपासून बंद करून रीतसर तपासून घ्यावं, बाकीच्यांनीही. काकी 'पोटऱ्या' ऐकल्यावर पहिल्यांदाच गोरीमोरी झाली. सुमनवहिनींकडे वळून म्हणाली, "मना बोलली का न्हायस गो?"

"आणि तुम्ही स्वतः," डॉक्टरांनी विचारलं, "तुम्ही किती घेता?"

"उरली तर घेते," काकी म्हणाली.

मी त्यानंतर बरंच बोलले. ते सगळं इथे देत नाही. रिक्षाचे हेलपाटे, बदललेली लॅब, जवळ्याखालचा तक्ता, दिनूच्या रात्रपाळ्या, सगळं काढलं. काकी डब्याचं झाकण लावत होती, काढत होती, पुन्हा लावत होती. परतताना पांडू तांडेल माझ्यासोबत चालत आला. बांधावर थांबून म्हणाला, "यादीवाले, वरडू नको तिला. पाटी बंद झाली. आता तिच्या घरात गोळीशिवाय दुसरं येतंय काय, वाटायला?"

हे मला पटलं. पटल्यामुळे राग कमी व्हायला हवा होता, तो वाढला. हे आधी कोणी सांगितलं असतं, तर वाटायला मी पोतंभर काहीही आणून दिलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून व्यवस्था अशी : सगळ्या पट्ट्या माझ्या कपाटात. अलिबागच्या डॉक्टरांना फोन करून गोळी सकाळी घेतली तरी चालेल हे विचारून घेतलं. काकीने चहाच्या वेळी माझ्या ओट्यावर यायचं, माझ्यासमोर गोळी गिळायची, तोंड उघडून दाखवायचं. त्यानंतरच मी तिच्या हातात टोपली द्यायची. माझ्या वाडीतलं जे निघेल ते : चिकू, पपई, अळूची पानं, केळफूल. त्याचे तिने वाटे करायचे आणि आळीभर वाटायचे.

काकीने ही व्यवस्था मान्य केली, पण माल तपासून घ्यायची.

"हे चिकू हायत? भिंत बांधायला बरे."

"दोन दिवसांनी पिकतील."

"दोन दिवसांनी? लोकांच्या घरी काय दगूड पाठवू? तो पपया दे. त्यो न्हाय, मागचा."

"आधी गोळी."

"गिळली ना! आ! बघ! घशात उतरून बघनार हायस काय?"

माझ्याकडे उतरलेले पाहुणे हे चहा पीत बघायचे. एका जोडप्याने तर परत जाताना मला विचारलं की, त्या आजी तुमच्याकडे कामाला आहेत का? काकीने ते ऐकलं आणि मी काही बोलायच्या आत उत्तर दिलं, "न्हाय, ती माज्याकडं हाय."

पुढच्या तपासणीत आकडा खाली आला. त्याच्या पुढच्या तपासणीत आणखी. डॉक्टर हसले, मी हसले. काकी गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "मंग आता माजा वाटा सुमनला दिला तर चालंल काय?" डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठले तेव्हा तिने पदर तोंडाला लावला आणि पोट धरून हसली. रिक्षात बसल्यावरही हसत होती.

शिमग्याच्या सुमारास ती टोपली घेऊन तांडेलाकडे निघाली आणि वाटेत, तिठ्यावरच्या दगडावर बसली. जरा वेळाने उठली, चार पावलं गेली, पुन्हा बसली. मी ते माझ्या ओट्यावरून पाहिलं. त्याच दिवशी अलिबागला नेलं. डॉक्टरांनी मुंबईला जायला सांगितलं.

मी त्यांना दाराबाहेर गाठून विचारलं, "आकडे तर आता चांगले आहेत ना?"

"आता चांगले आहेत," ते म्हणाले. "पण मधल्या दीड-दोन वर्षांत आत जे साठायचं ते साठून गेलं. तेव्हा गोळी पोटात जायला हवी होती."

रिक्षात काकीने विचारलं, "काय बोलला?" मी जसंच्या तसं सांगितलं. सांगताना पुन्हा चिडले. ती खाडीकडे बघत होती.

"सुमनचा पाय दुखला, ते वाईट झालं," ती म्हणाली. "बाकी कोनाला कमी पडली न्हाय."

"तुला पडली!"

"मी वाटनारी. वाटनाऱ्यानं शेवटी घ्यायचं असतंय."

"शेवटी म्हणजे केव्हा, काकी?"

यावर तिने मान डोलावली.

दिनू पहाटे गाडी घेऊन आला. काकी मागच्या सीटवर बसली, पण पाय बाहेरच, अंगणाच्या मातीवर. नवं लुगडं, केसांत अबोली. मी कागदांची फाइल, पाण्याची बाटली, चादर, गोळ्या, एकेक करून दिनूच्या ताब्यात देत होते. काकीने मला हाक मारून डबा हातात दिला. मी झाकण उघडलं. जवळ्याची चटणी, ओल्या नारळाने पांढरी झालेली.

"काकी! नारळ!"

"तुज्या सासूला हाय, मना न्हाय. तुजी यादी माज्यापुरतीच ना?" तिने पाय आत घेतले, दिनूने दार लावलं. काच खाली करून तिने हात बाहेर काढला आणि बोट नाचवलं. "आनि डबा रिकामा पाठवू नको. गेल्या वेळेसारखा."

"त्याला किती वर्षं झाली!"

"मना लिहून ठेवावं लागत न्हाय," ती म्हणाली. गाडी वळणावरून गेली तोपर्यंत तो हात बाहेरच होता.

मुंबईत शस्त्रक्रियेची तारीख ठरली होती. त्या तारखेपर्यंत ती थांबली नाही.

दिनू आता अधूनमधून येतो, वीजबिल घेतो, माडाखालचे नारळ गोळा करतो आणि कुलूप लावून उरणला जातो. मी डब्याचा विषय काढला तेव्हा म्हणाला, "ठेवा ना वैनी तुमच्याकडंच." सासूबाई म्हणतात, साखर घालून दे. पांडू तांडेल म्हणतो, सुकट घाल. सुमनवहिनी नुसते डोळे पुसतात आणि त्यामुळे काही ठरत नाही. आणि भरून दिला, तरी तो ठेवायचा कोणाच्या ओट्यावर, हे तिघांपैकी कोणीच सांगत नाही.

डबा घासून ओट्याच्या कडेला फळीवर ठेवला आहे. फ्रिजवरच्या यादीत चादरी, गॅस, पंपाची दुरुस्ती, सासूबाईंची रीतसर तपासणी, सगळ्यांपुढे बरोबरची खूण झाली. वरची ओळ तेवढी राहिली आहे : काकीचा डबा, भरून.